दोन कॉम्प्रेसर, एक पेटी : सांगलीत घरी बांधलेल्या गिटार पेडलचे प्रकरण

माझा भाचा सांगली-मिरज परिसरातील एका वाद्यवृंदात गिटार वाजवतो. भावगीते, अभंग, लग्नाच्या स्वागत समारंभातील फर्माइशी आणि गणेशोत्सवातील कार्यक्रम असा त्यांचा वर्षभराचा व्याप असतो. त्याची अडचण जुनीच होती. अभंगाच्या संथ ओळीखाली तो एकेक तार छेडत स्वर पेरत असे, तेव्हा ढोलकी आणि कीबोर्डच्या मागे गिटार ऐकूच येत नसे. आणि गजर सुरू होऊन त्याने सहाही तारांवर हात मारला की आवाज एकदम अंगावर येई. मिक्सरवरचा माणूस मग त्याच्या आवाजाची पट्टी खाली ओढी आणि पुढच्या संथ ओळीला ती वर न्यायला विसरे. कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून मंद आवाज वर उचलणारे सर्किट, हा त्यावरचा सरळ उपाय. त्याने एका मित्राचे असे पेडल, म्हणजे पायाने चालू-बंद करायची पेटी, आठवडाभर वापरूनही पाहिले होते, पण त्यातून त्याची मागणी कमी होण्याऐवजी दुप्पट झाली.

"मामा, मला दोन कॉम्प्रेसर हवेत. एक नुसता झटका आवरणारा आणि एक स्वर लांबवणारा. पण पायाखाली पेटी मात्र एकच."

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालो असून विश्रामबागेतील घरी ॲम्प्लिफायर दुरुस्तीची किरकोळ कामे करतो. मागणी ऐकताक्षणी मी "त्यात काय, दोन सर्किटे एका पेटीत बसवू" असे म्हणून गेलो. पुढचे दोन महिने या एका वाक्याची किंमत मोजण्यात गेले, म्हणून हे प्रकरण सविस्तर नोंदवून ठेवत आहे.

कोणती दोन सर्किटे घ्यायची, यात फारसा पेच नव्हता. गिटारच्या कॉम्प्रेसर पेडलांची दोन जुनी घराणी आहेत आणि दोन्ही १९७०च्या दशकातील आहेत. पहिले घराणे एमएक्सआर कंपनीच्या डायना कॉम्पचे आणि जवळजवळ त्याच मांडणीच्या रॉस कॉम्प्रेसरचे. यात अमेरिकेच्या आरसीए कंपनीने काढलेली सीए ३०८० ही आयसी, म्हणजे एका चिपमध्ये सामावलेले सर्किट, असते. ती साधी ऑप-ॲम्प, म्हणजे नेहमीची प्रवर्धक आयसी, नसून तिचे प्रवर्धन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, पाचव्या पायात सोडलेल्या विद्युतप्रवाहाने कमीजास्त होते. पुढचा भाग बाहेर पडणारा आवाज सतत तपासतो. आवाज वाढला की एका कपॅसिटरवरचा भार उतरवतो, पाचव्या पायातला प्रवाह घटतो आणि प्रवर्धन खाली येते. तार विझत चालली की कपॅसिटर पुन्हा भरतो आणि प्रवर्धन हळूहळू चढते, त्यामुळे विझणारा स्वर ऐकणाऱ्याला टिकलेला वाटतो. दुसरे घराणे डॅन आर्मस्ट्राँग यांच्या ऑरेंज स्क्वीझरचे. ही छोटी पेटी थेट गिटारच्या जॅकमध्येच खोचली जात असे. तिच्यात फेट, म्हणजे फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर, बदलत्या रोधासारखा वापरलेला असतो आणि आवाज वाढला की तो सिग्नलचा काही भाग जमिनीकडे, म्हणजे सर्किटाच्या शून्य व्होल्टच्या पातळीकडे, वळवतो. पहिल्याची पकड घट्ट असते, दुसऱ्याची सैल आणि गोड. या दोन घराण्यांची सोयरीकही नवी नाही. ॲनालॉग मॅनचा बाय-कॉम्प्रॉसर नेमका याच जोडीचा आहे. आम्ही त्याची नक्कल केली नाही, पण अशी जोडी नांदू शकते याचा तो पुरावा होता.

क्रम आम्ही आधी ठरवला. गिटारमधून येणारा पहिला झटका फेटने पटकन आवरायचा आणि उरलेला बऱ्यापैकी सपाट सिग्नल आयसीच्या विभागाकडे देऊन त्याच्याकडून स्वर टिकवून घ्यायचा. क्रम उलटा केला तर घट्ट पकडीतून आलेल्या सपाट आवाजावर फेटला करण्यासारखे काही उरत नाही.

पहिली अडचण बांधणी सुरू होण्याआधीच आली. सीए ३०८० आता बनत नाही, हे मला माहीत होते, तरीही जुन्या साठ्यातील म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून स्वस्तात मिळणाऱ्या चार आयसी मागवण्याचा मोह मी आवरू शकलो नाही. आयसी आल्या, छपाई सुबक होती, ब्रेडबोर्डवर, म्हणजे डाग न देता जोडणी करायच्या पाटीवर, लावल्या आणि आवाज आला. मात्र टिकाव वाढवण्याचा नॉब कितीही फिरवला तरी काहीच बदलेना. संध्याकाळभर मी माझ्याच जोडणीत चूक शोधत बसलो. शेवटी आयसी बाहेर काढून चौथ्या आणि पाचव्या पायांमध्ये मल्टीमीटर लावला. खऱ्या ३०८० मध्ये या दोन पायांमध्ये आत ट्रान्झिस्टरची संधी असते, म्हणून डायोडच्या पट्टीवर एका दिशेने साधारण ०.६ व्होल्ट दिसायला हवेत आणि उलट दिशेने काहीच नाही. इथे मीटर दोन्ही दिशांनी सुमारे एक किलोओहम दाखवत होता. ही खूण ७४१ या साध्या ऑप-ॲम्पची. त्या आयसीत पाचवा पाय ऑफसेट जुळवण्यासाठी असून तो एक किलोओहमच्या अंतर्गत रोधाने ऋण पुरवठ्याला जोडलेला असतो. बाकीचे महत्त्वाचे पाय दोन्ही आयसींत एकाच जागी येतात, त्यामुळे ७४१ घासून तिच्यावर ३०८० छापणाऱ्याला कोणतीच अडचण येत नाही. आवाज येतोच, फक्त कॉम्प्रेशन होत नाही. चारही आयसी तशाच निघाल्या. विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे ७४१ शिकवलेल्या माणसाला ती ओळखायला एक संध्याकाळ लागावी, याचे हसू भाच्याने लपवले नाही.

त्यानंतर एलएम १३७०० घेतली. एकाच सोळा पायांच्या आयसीत ३०८०सारखे दोन विभाग असतात आणि ती अजूनही सहज मिळते. आम्ही एकच विभाग वापरला.

फेटच्या बाबतीत चूक माझ्या सवयीची होती. मूळ सर्किटात वापरला जाणारा २एन५४५७ सांगलीत मिळाला नाही, पण माझ्या खणात बीएफडब्ल्यू १०चा भरपूर साठा होता. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत फेटचा आलेख काढलेल्या प्रत्येकाने हा धातूच्या टोपीचा, चार पायांचा फेट हाताळलेला असतो. तो लावला, तेव्हा पहिल्या विभागातून आवाज अतिशय मंद आणि दाबलेला येऊ लागला. बायस ट्रिमर, म्हणजे फेटची शांत स्थितीतील पातळी जुळवणारा छोटा फिरता रोध, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला तरी काही फरक पडला नाही.

कारण समजायला सर्किट डोळ्यांसमोर आणावे लागते. फेटला मुख्य तीन टोके असतात : प्रवाह ड्रेन आणि सोर्स यांच्यामधून जातो आणि गेटवरचा व्होल्टेज तो आवरतो. सोर्स ट्रिमरने जमिनीपेक्षा थोडा वर उचललेला असतो आणि गेट शांत स्थितीत जमिनीच्या पातळीवर असतो. म्हणजे सोर्सच्या तुलनेत गेट ऋण असतो आणि फेट बंद राहतो. आवाज वाढला की डायोडमधून एक छोटा कपॅसिटर भरतो, गेट वर उचलला जातो, फेट उघडतो आणि सिग्नल जमिनीकडे वळतो. यात गृहीत असे आहे की शांत स्थितीत फेट खरोखर बंद असेल. २एन५४५७ बंद होण्यासाठी लागणारा ऋण व्होल्टेज त्याच्या माहितीपत्रकानुसार ०.५ ते ६ व्होल्टमध्ये कुठेही असू शकतो. बीएफडब्ल्यू १०च्या बाबतीत ही मर्यादा ८ व्होल्टपर्यंत जाते. आमचा ट्रिमर सोर्सला फार तर साडेचार व्होल्टपर्यंत उचलू शकत होता. ज्या फेटला बंद व्हायला पाच व्होल्ट लागतात, तो अशा सर्किटात कधीच बंद होत नाही आणि गिटार न वाजवताही तो अर्धा उघडा राहून सिग्नल गिळत बसतो.

फेट निवडण्याची रीत सोपी आहे आणि तिला कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. ड्रेन ९ व्होल्टला जोडायचा, गेट जमिनीला, आणि सोर्स व जमीन यांमध्ये नुसता डिजिटल मल्टीमीटर डीसी व्होल्टवर लावायचा. मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, म्हणून फेटमधून नगण्य प्रवाह वाहतो आणि मीटरवर दिसणारा आकडा हा त्या फेटच्या बंद होण्याच्या व्होल्टेजच्या जवळचा असतो. माझ्या खणातले दहा बीएफडब्ल्यू १० याप्रमाणे तपासले, तेव्हा सर्वांत कमी आकडा २.९ आणि सर्वांत जास्त ५.४ आला. २.९वाला चालवून घेता आला असता, पण सोर्स जितका वर उचलावा लागतो तितका फेट पूर्ण उघडायला मोठा सिग्नल लागतो.

पुण्याला जाऊन तपकीर गल्लीतून नेमके फेट आणायचे ठरले. त्याच आठवड्यात पाऊस लागून राहिला, आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी वाढू लागली आणि घरातल्यांनी प्रवासाचे नाव काढू दिले नाही. २०१९चा महापूर पाहिलेल्या गावात अशा वेळी वाद घालायचा नसतो. दहा दिवसांनी भाचाच जाऊन २एन५४५७ घेऊन आला. तपासणीत एकाचा आकडा १.६ निघाला, तो निवडला आणि सोर्स १.७ व्होल्टवर जुळवला. डायोड म्हणून जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतला ओए ७९ वापरला. तो जर्मेनियमचा असल्याने ०.२ ते ०.३ व्होल्टला वाहू लागतो. सिलिकॉनच्या डायोडला ०.६ च्या आसपास लागले असते आणि तेवढे कॉम्प्रेशन उशिरा सुरू झाले असते.

मूळ सर्किटात आम्ही एक बदल जाणूनबुजून केला. ऑरेंज स्क्वीझरमध्ये गिटार थेट रोधमालिकेला जोडली जाते, त्यामुळे फेट उघडला की पिकअपवर, म्हणजे तारांची कंपने टिपणाऱ्या भागावर, भार येतो आणि तारेची चमक थोडी बसते. काही वादकांना तो बसकेपणाच आवडतो. भाच्याच्या अभंगातल्या भरावांना मात्र चमक हवी होती, म्हणून टीएल ०७२ या ऑप-ॲम्पचा एक अर्धा भाग आरंभी बफर म्हणून, म्हणजे पिकअपवर भार न येऊ देण्यासाठी, लावला आणि दुसरा अर्धा भाग दहापट प्रवर्धनासाठी ठेवला.

आता दोन्ही विभाग स्वतंत्रपणे चालू लागले होते, तेव्हा मोजणी केली. साध्या मल्टीमीटरचा एसी व्होल्ट साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाचा असतो, म्हणून मोबाइलवरून २०० हर्ट्झचा शुद्ध सूर काढून तो रोधांनी हवा तितका कमी करून दिला. पहिल्या, म्हणजे फेटच्या विभागात ५ मिलिव्होल्ट दिले तेव्हा ५० बाहेर आले, २० ला १९५, १०० ला ४२० आणि २०० ला ५६०. म्हणजे २० मिलिव्होल्टपर्यंत हा विभाग जवळजवळ नुसता दहापट प्रवर्धक होता, आणि वरच्या टोकाला आत येणारा आवाज दुप्पट झाला तरी बाहेर पडणारा सव्वापटीहून थोडा अधिक वाढत होता. दुसऱ्या विभागाचा टिकाव नॉब पूर्ण चढवून घेतलेले आकडे अगदी वेगळ्या स्वभावाचे होते : २ ला १५०, ५ ला ३१०, २० ला ३७० आणि १०० ला ४२० मिलिव्होल्ट. पाचपासून शंभरपर्यंत आवाज वीसपट वाढला, तरी बाहेर तो दीडपटही झाला नाही. भाच्याने मागितले होते ते दोन्ही स्वभाव कागदावर उमटले होते.

मग दोन्ही विभाग एकामागे एक जोडले आणि सगळे बिघडले.

तीन तक्रारी एकाच वेळी उभ्या राहिल्या. हात थांबला की भजी तळल्यासारखा चर्रर्र आवाज येई. तार जोरात छेडली की स्वर फाटे. आणि टिकाव नॉब पाऊण फेऱ्यापलीकडे नेला की गिटार न वाजवताच स्पीकरमधून सेकंदाला दोन-तीन वेळा धक-धक असा आवाज सुरू होई, जणू नदीत इंजिनाची होडी चालली आहे. तिन्हींची मुळे वेगवेगळी होती आणि ती एकत्र शोधण्याचा प्रयत्न करण्यात मी दोन दिवस वाया घालवले.

पहिल्या दोन तक्रारींचे मूळ साध्या गुणाकारात होते आणि तो मी आधीच करायला हवा होता. कॉम्प्रेसर शांत असतो तेव्हाच त्याचे प्रवर्धन सर्वांत जास्त असते. फेटचा विभाग शांत स्थितीत दहापट, म्हणजे २० डेसिबल. दुसऱ्या विभागात एलएम १३७००च्या पायांपाशी १० किलोओहम आणि १ किलोओहमची रोधजोडी, म्हणजे विभाजक, सिग्नल अकरा पटींनी कमी करते, आणि पुढे १५० किलोओहमचा भार आहे. टिकाव नॉब पूर्ण चढवल्यावर नियंत्रक पायात २७ किलोओहममधून सुमारे २८५ मायक्रोअँपिअर जातात. या प्रवाहाला आयसीचे ट्रान्सकंडक्टन्स, म्हणजे आत दिलेल्या व्होल्टेजमागे बाहेर मिळणाऱ्या प्रवाहाचे प्रमाण, साडेपाच मिलिसीमेन्सच्या आसपास येते, आणि हिशेब करता त्या विभागाचे प्रवर्धन सुमारे ७५ पट, म्हणजे ३७ डेसिबल होते. दोन्ही मिळून साडेसातशे पट. गिटारचे पिकअप, तिची वायर, पहिला बफर यांतून जी काही कुजबुज येते ती साडेसातशे पटींनी वाढवल्यावर भजी तळल्याचा आवाज येणारच.

फाटण्याचे कारण दुसऱ्या टोकाला होते. एलएम १३७००च्या दोन प्रवेश-पायांमधला सिग्नल साधारण वीस मिलिव्होल्टच्या आत असेपर्यंतच तिचे काम सरळ रेषेत चालते. त्यापुढे तिचा आलेख वाकतो आणि शंभराच्या आसपास तो जवळजवळ सपाट होतो. जोरदार झटक्याला फेटचा विभाग ५६० मिलिव्होल्ट देत होता. अकराने भागले तरी आयसीच्या पायांवर ५१ मिलिव्होल्ट, आणि शिखर मोजले तर ७२. एकटा असताना ज्या विभागाला गिटारचे शंभर-दोनशे मिलिव्होल्ट मिळत होते, त्याला आता त्याच्या आधीचा भाऊ कित्येक पट मोठा घास भरवत होता.

म्हणजे दोन कॉम्प्रेसरांच्या पेडलातली सर्वांत महत्त्वाची जागा त्या दोहोंपैकी कोणत्याही सर्किटात नसून त्यांच्या मधोमध आहे. तिथे आम्ही ४७ किलोओहम आणि १० किलोओहमचा विभाजक लावला. सिग्नल ०.१७५ पट झाला, म्हणजे १५ डेसिबलने खाली आला. शांत स्थितीतले एकूण प्रवर्धन साडेसातशेवरून १३१ पटींवर उतरले, चर्रर्र आवाज त्याच प्रमाणात दबला, आणि जोरदार झटक्याला दुसऱ्या विभागाच्या तोंडाशी ५६० ऐवजी ९८ मिलिव्होल्ट पोहोचू लागले. आयसीच्या पायांवर नऊ. स्वर फाटणे थांबले. कुजबुज पूर्ण गेली नाही आणि ती जाणारही नव्हती, कारण स्वर टिकवणे म्हणजे मंद आवाज मोठा करणे, आणि त्या मंद आवाजातच कुजबुजही येते. मागाहून १० किलोओहमच्या जागी २० किलोओहमचा पॉट, म्हणजे फिरवता येणारा रोध, लावून आम्ही ही मधली पातळी पेटीच्या वरच्या बाजूला तिसरा नॉब म्हणून काढली. आज भाचा सर्वांत जास्त तोच नॉब फिरवतो.

धक-धक आवाजाचा विभाजकाशी संबंध नव्हता. मी दोन्ही विभागांना साडेचार व्होल्टची मध्यपातळी एकाच रोधजोडीतून दिली होती. जागा वाचली, पण मोठ्या प्रवर्धनाच्या दुसऱ्या विभागातली हालचाल या सामायिक वाटेने पहिल्याच्या तोंडाशी परत जाऊ लागली आणि सर्किट स्वतःशीच झुलू लागले. प्रत्येक विभागाला वेगळी मध्यपातळी दिली, आणि पुरवठ्याच्या वाटेत प्रत्येकाला स्वतंत्र १०० ओहम व २२० मायक्रोफॅरडची गाळणी लावली. ही गाळणी सात हर्ट्झच्या वरचे सगळे अडवू लागते, त्यामुळे अडॉप्टरमधून येणारी १०० हर्ट्झची घरघरही सुमारे २३ डेसिबलने उतरली. एलईडी मात्र गाळणीच्या आधीच जोडला, नाहीतर त्याच्या प्रवाहामुळे १०० ओहमवर उगीच व्होल्टेज पडले असते.

यानंतर दोन दोष उरले. पहिला मल्टीमीटरवर दिसत नव्हता आणि फक्त वाजवतानाच जाणवे. दोन स्वरांच्या मध्ये आवाज एखाद्या झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा वर येई आणि पुढचा स्वर आला की दबे. फेटच्या विभागात गेटपाशी ४.७ मायक्रोफॅरड आणि २२० किलोओहम होते, म्हणजे सावरण्याचा, अर्थात दाबलेले प्रवर्धन पुन्हा चढण्याचा, काळ साधारण एक सेकंद. दुसऱ्या विभागात १० मायक्रोफॅरड आणि १५० किलोओहम, म्हणजे दीड सेकंद. दोघे जवळजवळ एकाच गतीने सावरत असल्यामुळे दोघांचेही प्रवर्धन एकदम चढत होते. ४.७ च्या जागी १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यावर पहिल्याचा काळ ०.२२ सेकंदावर आला. त्याहून कमी करण्याचा भाच्याचा आग्रह मी मोडून काढला. गिटारच्या सर्वांत जाड तारेचे एक कंपन सुमारे १२ मिलिसेकंदांचे असते. सावरण्याचा काळ त्याच्या फार जवळ नेला तर फेट प्रत्येक कंपनागणिक उघडझाप करू लागतो आणि खर्जाचा स्वर खरखरीत होतो. आता पहिला विभाग झटका आवरून लगेच बाजूला होतो आणि दुसरा सावकाश मागून येऊन स्वर धरून ठेवतो.

हे ऐकताना मला मिरजेच्या तंबोऱ्यांची आठवण झाली. सतारमेकर मंडळी घोडीवर जवारी काढताना तारेखाली सुताचा धागा सरकवत त्या एका जागेसाठी कितीतरी वेळ घालवतात, तेव्हा कुठे स्वर उघडतो आणि लांबतो. आमचा धागा म्हणजे तो कपॅसिटर, एवढेच म्हणता येईल. त्यापुढे तुलना ताणणे तंबोऱ्यावर अन्याय होईल.

दुसरा दोष म्हणजे प्रत्येक छेडीबरोबर येणारा हलका धप् आवाज. त्याचे निराकरण त्या मानाने लवकर झाले. एलएम १३७००च्या दोन प्रवेश-पायांमध्ये डीसीचा थोडासा फरक असला तर प्रवर्धन झटकन बदलताना तो फरकही वाढून बाहेर येतो आणि प्रत्येक छेडीबरोबर स्पीकरचा कोन हलका धपकतो. त्यासाठी एक ट्रिमर ठेवलेला असतोच. जुळवताना पेडलचे तोंड जमिनीला जोडून ठेवले, दहा मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचे धन टोक एक किलोओहममधून क्षणभर जमिनीला टेकवत राहिलो आणि धप् सर्वांत मंद ऐकू येईल तिथे ट्रिमर थांबवला.

पेटीसाठी आधी पत्र्याचा स्विच बॉक्स पाहिला, पण पायाने दाबल्यावर तो वाकत होता. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका फॅब्रिकेटरने दोन मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पेटी वाकवून दिली. कशासाठी हवी असे त्याने विचारले, आणि कॉम्प्रेसरसाठी असे भाच्याने सांगताच "एवढ्याशा पेटीत फ्रिजचा कॉम्प्रेसर कसा बसेल हो?" असा प्रामाणिक प्रश्न आला. त्याच्याकडूनच काळे पावडर कोटिंगही करून घेतले. सर्किट पेटीत बसवून झाकण लावले आणि घरघर कमी होण्याऐवजी तशीच राहिली. झाकणावर हात ठेवला की मात्र ती बदले. कोटिंग झाकणाच्या आतल्या बाजूलाही चढले होते आणि स्क्रूच्या भोकांपर्यंत पोहोचले होते, म्हणून झाकण आणि पेटी यांचा विद्युत संबंधच येत नव्हता आणि झाकण जमिनीशी न जोडलेली एक मोठी अँटेना झाले होते. चारही कोपऱ्यांवरचे कोटिंग पॉलिश पेपरने खरवडून उघडा धातू धातूला टेकवल्यावर घरघर गेली.

दोन्ही विभागांना वेगवेगळे पायस्विच दिले, म्हणजे एकेकटा किंवा दोन्ही असे वाजवता येते. स्विच दाबताना होणारा टक् आवाज टाळण्यासाठी दोन्ही टोकांना एक मेगाओहमचे रोध जमिनीला जोडले आहेत.

पेडल गणेशोत्सवातल्या पहिल्या कार्यक्रमाला तयार झाले. भाच्याने संथ ओळींना दोन्ही विभाग, गजराला फक्त फेटचा विभाग, अशी स्वतःची वाटणी त्याच रात्री ठरवून टाकली. मिक्सरवरच्या माणसाने कार्यक्रमभर त्याच्या पट्टीला हात लावला नाही. कौतुक म्हणून तो काही बोलला नाही, आणि त्या धंद्यात न बोलणे हेच कौतुक असते.

एक गोष्ट पुढे पौषात लक्षात आली. जत तालुक्यातील एका जत्रेत उघड्या मंचावर, मध्यरात्रीच्या थंडीत, पहिला विभाग जवळजवळ काम करत नसल्याची तक्रार घेऊन भाचा परतला. घरी आणल्यावर मात्र पेडल ठणठणीत. फेटचा बंद होण्याचा व्होल्टेज तापमानाबरोबर अंशामागे साधारण दोन मिलिव्होल्टने सरकतो. सोर्स आणि त्या व्होल्टेजमध्ये मी शंभर मिलिव्होल्टचेच अंतर ठेवले होते. ऑगस्टमध्ये माझ्या टेबलावर जुळवलेला फेट वीस अंशांनी थंड झाला की हे अंतर एकशे चाळीस होते, त्यात थंडीत डायोडलाही थोडे जास्त व्होल्टेज लागते, आणि कॉम्प्रेशन सुरू व्हायला तितका मोठा आवाज लागतो. तापमानाची भरपाई करणारे सर्किट जोडता येईल, पण पेटीत आता नखभरही जागा नाही. सध्या झाकणाला बायस ट्रिमरच्या बरोबर वर चार मिलिमीटरचे भोक पाडले आहे, आणि भाचा गिटारच्या पिशवीत तारांच्या जोडीने एक बारीक पेचकस ठेवतो.